सर्व्हरची किल्ली कुणाकडे?

दूरच्या सर्व्हरवर बसल्या जागी काम करायची टेलनेट ही सोय १९६९ च्या सुमाराची. पण तिच्यात पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जायचा. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले. मग तिथल्याच तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. पोस्टकार्ड बंद पाकिटात गेलं. पण किल्लीची फाइल ज्याच्या-त्याच्या लॅपटॉपवर राहिली. माणूस नोकरी सोडून गेला, तरी किल्ली त्याच्याकडेच!

२०१८ मध्ये ॲमेझॉनचं सेशन मॅनेजर आलं, २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टचं ॲझूर बॅस्टियन. आता क्लाउडवरचं मशीन ब्राउझरमध्येच उघडतं. त्याला सार्वजनिक आयपी पत्ताही लागत नाही. सोय झाली, पण क्लाउडचं लॉगिन हीच आता मोठी किल्ली.

नगरपालिका असो की पतसंस्था, अशी सेवा निवडताना दर नंतर विचारा. आधी हे विचारा: प्रत्येकाचं लॉगिन वेगळं आहे का? पासवर्डसोबत ओटीपीसारखी दुसरी पडताळणी आहे का? कोण कधी आत आलं, काय केलं, याची नोंद चालू ठेवलीय का? दार कितीही भारी असू द्या, नोंदवही कोरी असेल तर चोर कोण हे कळणार कसं?