लोणार सरोवर : कार्बन चक्र व जलप्रदूषण

महाराष्ट्र राज्याच्या बुलढाणा जिल्ह्यातील खाऱ्या पाण्याचे निसर्गनिर्मित सरोवर. ते मेहकरच्या दक्षिणेस सु. २० किमी. अंतरावर असून लोणारचा प्रदेश पूर्वी मेहकर तालुक्यातच मोडत असे. मेहकर पैनगंगेच्या काठी वसले आहे. तेथे नदीत पडणारे सर्व काही वर्धा, प्राणहिता व गोदावरी या नद्यांच्या वाटेने अखेर बंगालच्या उपसागराकडे जाते. लोणारच्या सरोवरातून मात्र एकही ओढा बाहेर पडत नाही. तेथे आलेले पाणी केवळ बाष्परूपाने जाते आणि त्यातील विरघळलेली द्रव्ये मागे राहतात. या एका भेदामुळे कार्बन चक्र व जलप्रदूषण या परिस्थितिविज्ञानातील दोन्ही विषयांच्या अभ्यासास हे सरोवर विशेष उपयुक्त ठरले आहे.

सरोवर ज्या विवरात आहे, त्याचा व्यास सु. १.८ किमी. आहे. ते ज्वालामुखीच्या स्फोटाने झाले असावे, असे एकोणिसाव्या शतकातील बहुतेक भूवैज्ञानिकांचे मत होते. १९७३ साली आघातजन्य काच व भंगलेले खनिजकण यांच्या पुराव्यावरून ते अशनिपाताने झाल्याचे सिद्ध झाले. त्याच्या वयाविषयी मतभेद असून सु. ५० हजार वर्षांपासून सु. ५ लाख ७० हजार वर्षांपर्यंतचे अंदाज करण्यात आले आहेत.

सरोवराच्या खारेपणाची दखल जुन्या काळापासून घेतलेली आढळते. लोककथेप्रमाणे विष्णूने येथे लवणासुराचा वध केला. दैत्यसूदनाचे मंदिर त्याच कथेशी निगडित आहे. मोगल अमदानीत मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकाराचे ठाणे होते. त्या सुभ्याच्या वर्णनात आईन-ए-अकबरी या ग्रंथाने लोणारचे खारे पाणी, काच व साबण करण्यास लागणारी तेथील द्रव्ये आणि त्यांपासून मिळणारे सरकारी उत्पन्न यांचा उल्लेख केला आहे. खाऱ्या पाण्यात गोडे पाणी सापडते, असेही त्यात नमूद आहे. कमळजादेवीच्या देवळाजवळील ‘सासू-सुनेची विहीर’ एका अंगाला गोडी व दुसऱ्या अंगाला खारी असल्याचे सांगतात. तेव्हा ग्रंथकाराची ही माहिती ऐकीव असली, तरी निराधार नसावी. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराची पाहणी केली. १८५३ मध्ये वऱ्हाड ब्रिटिशांच्या कारभाराखाली आल्यानंतर येथील क्षारांची अधिक पद्धतशीर तपासणी सुरू झाली.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर व उथळ पाण्यात साचलेले क्षार गोळा करून विकले जात. त्यांच्या प्रती दल्ला, पापडी, भुस्की अशा स्थानिक नावांनी ओळखल्या जात आणि साबण, काच व रंगकाम यांत त्या वापरीत. सॉल्व्हे पद्धतीने तयार केलेला सोडा बाजारात सुलभ झाल्यावर अशा नैसर्गिक सोड्याचे महत्त्व ओसरले आणि लोणारचा हा धंदाही बंद पडला. या धंद्याकडे आजवर महसुलाच्या दृष्टीनेच पाहिले गेले. वस्तुतः पाण्याला निर्गम नसलेल्या या सरोवरातून कार्बन बाहेर नेणारी ती एक मानवनिर्मित वाट होती.

हे क्षार आले कोठून, हा प्रश्न टी. एच. डी. ला टूश व डब्ल्यू. ए. के. क्रिस्टी यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चर्चिला. यामागील रासायनिक क्रिया पुढीलप्रमाणे आहे. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून किंचित अम्लधर्मी बनते. हे पाणी काळ्या पाषाणातील खनिजांचे हळूहळू विघटन करते आणि सोडियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम ही मूलद्रव्ये बायकार्बोनेटांच्या जोडीने झऱ्यांवाटे सरोवरात येतात. बाष्पीभवन होताना कॅल्शियम कार्बोनेट प्रथम खाली बसते व थोडा कार्बन डाय-ऑक्साइड हवेत परत जातो. सोडियमाची कार्बोनेटे मात्र विरघळलेलीच राहतात. पाणी त्यामुळे तीव्र क्षारीय होते. त्याचे पीएच मूल्य पूर्वी सु. १०.५ पर्यंत नोंदले गेले आहे. सोड्याखेरीज साधे मीठही या पाण्यात भरपूर असते.

अशा पाण्यात सामान्य मासे वा जलवनस्पती तगत नाहीत, म्हणून ते ‘मृत’ समजले जाई. ही समजूत चुकीची आहे. बायकार्बोनेटाचा अखंड साठा लाभल्यामुळे स्पिरुलिनासारखी नील-हरित शैवले येथे विपुल वाढतात आणि पाणी दाट हिरवे दिसते. त्यांनी प्रकाशसंश्लेषणाने बांधलेला कार्बन मृत पेशींबरोबर तळाशी जातो. तेथे ऑक्सिजन नसल्याने सूक्ष्मजंतू त्याचे विघटन करून मिथेन व हायड्रोजन सल्फाइड निर्माण करतात. काठावर येणारा उग्र दर्प दुसऱ्या वायूचा होय. मिथेनाचे ऑक्सिडीकरण करून पोट भरणारे सूक्ष्मजंतूही येथे सापडले आहेत. अविघटित राहिलेला अंश गाळात साठतो. सु. १० मी. खोलीपर्यंतच्या गाळाच्या नमुन्यात गेल्या सु. ११ हजार वर्षांचा आलेख मिळाला. त्यातील सेंद्रिय कार्बनाचे समस्थानिक आणि कोरड्या काळात जमणारे गेलुसाइट या कार्बोनेटी खनिजाचे स्फटिक यांवरून मॉन्सूनचे दोन दीर्घ दुष्काळी कालखंड ओळखता आले. त्यांपैकी पहिला आजपासून सु. ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा व दुसरा सु. २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा आहे.

जलप्रदूषणाच्या प्रतिबंधासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्येच कायदा केला; केंद्रीय कायदा १९७४ साली झाला. अशा कायद्यांचा रोख मुख्यतः कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी नदीनाल्यांत सोडण्यावर असतो. लोणारला कारखान्यांचा प्रश्न नव्हता. विवराच्या कडेवर वाढलेल्या गावाचे सांडपाणी ‘धार’ या बारमाही झऱ्याच्या बाजूने उतरू लागले. विवरातील शेतीची खते, तसेच स्नान व कपडे धुणे यांमुळे येणारा साबण यांची त्यात भर पडली. यांतून येणारी नायट्रोजन व फॉस्फरस यांची संयुगे इतर तलावांत सुपोषण घडवून पाणी सडवितात. लोणारची हानी निराळ्या प्रकारचीही आहे. येथील जीवसृष्टी क्षारांवर अवलंबून असल्याने बाहेरून येणारे गोडे पाणीच तिला अपायकारक ठरते. ज्या सौम्यतेमुळे एखादी विहीर सुधारली असे म्हणता येईल, तीच या सरोवराच्या बाबतीत बिघाडाची खूण ठरते. अलीकडील दशकांतील काही तपासण्यांत पीएच मूल्य व क्षारता पूर्वीपेक्षा कमी आढळली. मात्र पाण्याची पातळी ऋतुमानाप्रमाणे बरीच बदलत असल्याने दोन सुट्या आकड्यांच्या तुलनेवर फार भार देता येत नाही.

२००० साली हा परिसर वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाला. २००९ मध्ये दाखल झालेल्या जनहित याचिकेच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांडपाणी रोखणे, विवरात माजलेली विलायती बाभूळ काढणे इ. कामांचा पाठपुरावा केला. जून २०२० मध्ये पाणी कमी होऊन क्षारता वाढली व सरोवर एकाएकी गुलाबी झाले. हा रंग लवणप्रिय आर्कियांच्या रंगद्रव्याचा असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. पावसानंतर तो नाहीसा झाला. लोकांना भय वाटले ते या गुलाबी रंगाचे. तो तर सरोवराच्या स्वाभाविक खारेपणाचाच आविष्कार होता. त्याच वर्षी सरोवराचा समावेश रामसर करारातील पाणथळ स्थळांत झाला. त्यानंतरच्या वर्षांत पाण्याची पातळी उलट वाढत गेली आणि पाणी कमळजादेवीच्या देवळापर्यंत पोहोचले.