उलव्याचा पैसा कुठल्या प्रकरणात घालायचा?

विनाअट रोख मदतीचा विषय काढला की कुणीतरी हमखास म्हणतं, "नवी मुंबईची गावं बघा, पैसा आला नि गाड्यांत उडाला." आराखडा करताना मीसुद्धा उलव्याचं उदाहरण घेऊन बसलो होतो. तुम्ही आधी विचारा, तो पैसा कशाबद्दल आला?

सिडको 1970 मध्ये स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणमधल्या 95 गावांची भातशेती, मिठागरं संपादनात आली. हातात पडला तो जमिनीचा मोबदला. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांचे जीव गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. विमानतळासाठी उलवे गाव उठलं तेव्हा साडेबावीस टक्के. आता सांगा, पैसा उडवायचाच असता तर माणसं भूखंडासाठी इतकी झुंजली असती का?

विनाअट मदतीत घरचं काही जात नाही. मध्य प्रदेशात 'सेवा'च्या 2011 च्या प्रयोगात निवडलेल्या गावांतल्या प्रौढांना सुरुवातीला महिना 200 रुपये मिळत. शेत होतं तिथेच होतं. घरांनी ते खाण्यावर, औषधावर, शाळेवर, बियाण्यावर खर्च केले. आणि तुलनेसाठी पैसे न मिळालेली गावंही होती. उलव्याशी तुलना करायला गाव कुठून आणणार? शेजारचंही सिडकोतच गेलेलं.

शेवटी मी उलवे त्या प्रकरणातून काढलं आणि विस्थापनाच्या प्रकरणात घातलं. मार्गदर्शक म्हणाले, "हे सहा महिने आधी का नाही केलंस?"