एक शब्द तसाच ठेवला

मराठी बायबल वाचताना एक शब्द वारंवार भेटतो : बाप्तिस्मा. बायबल मराठीत आणणाऱ्यांनी बहुतेक संज्ञांना देशी रूप दिले. 'एक्लेसिया' या ग्रीक शब्दासाठी त्यांनी 'मंडळी' हा घरगुती शब्द निवडला. 'शुभवर्तमान', 'प्रेषित', 'तारण' हे शब्द त्यांनी घडवले किंवा नव्या अर्थाने रुळवले. बाप्तिस्मा मात्र ग्रीकच राहिला. तो इंग्रजी 'बॅप्टिझम'वरूनही आलेला नाही. ग्रीक नामच जसेच्या तसे नागरीत बसवलेले आहे.

हा शब्द भाषांतराला अवघड होता असेही नाही. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ साधा आहे : बुडवणे. बुडणाऱ्या जहाजासाठीही ग्रीक लेखक तेच क्रियापद वापरत. मराठीत बुडी आहे, डुबकी आहे, स्नान आहे, अवगाहन आहे. एवढी श्रीमंती असताना अनुवादकांनी हात आखडता का घेतला, याचे उत्तर शब्दकोशात सापडत नाही. ते ख्रिस्ती पंथांच्या भांडणात आणि ते भांडण मिटवण्याच्या खटपटीत सापडते.

भांडण जुने होते. कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल आणि मेथडिस्ट पंथांत तान्ह्या मुलांनाही बाप्तिस्मा देतात, आणि डोक्यावर पाणी ओतले किंवा शिंपडले तरी तो विधी पुरा झाला असे मानतात. बॅप्टिस्टांना हे मान्य नाही. त्यांच्या मते बाप्तिस्मा कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने श्रद्धा कबूल केल्यावरच घ्यायचा आणि तो पाण्यात पूर्ण बुडूनच घ्यायचा. सोळाव्या शतकात या वादाने माणसे मारली. मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा असे सांगणाऱ्या फेलिक्स मान्झ याला १५२७ च्या जानेवारीत झुरिकच्या प्रोटेस्टंट राज्यकर्त्यांनी लिम्माट नदीत बुडवून ठार केले. पाण्याबद्दलच्या मताला पाण्याचीच शिक्षा होती.

तीन शतकांनी हा वाद बंगालमध्ये उगवला, आणि या वेळी तो भाषांतराचा वाद होता. श्रीरामपूरचे विल्यम कॅरी बॅप्टिस्ट होते. बंगाली नवा करार त्यांनी १८०१ मध्ये छापला. त्यांच्या परंपरेतल्या अनुवादकांनी या ग्रीक क्रियापदाला बुडवण्याच्या अर्थाचाच शब्द दिला. मूळ शब्दाचा अर्थ तोच असल्यामुळे त्यांच्या दृष्टीने यात पंथाभिमान नव्हता, प्रामाणिकपणा होता. पण छपाईला मोठा आधार होता तो १८०४ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीचा. ही संस्था अनेक पंथांच्या वर्गणीवर चालत होती. टीपा नाहीत, भाष्य नाही, फक्त बायबलचा मजकूर छापायचा, या एका अटीवर एकमेकांशी न पटणारे लोक तिच्यात एकत्र बसले होते.

१८३० च्या दशकात विल्यम येट्स आणि विल्यम पिअर्स यांच्या बंगाली नव्या कराराच्या वेळी ठिणगी पडली. कलकत्त्यातल्या इतर पंथांच्या मिशनऱ्यांचे म्हणणे असे की 'बुडवणे' असे छापले तर टीप न लिहिताच टीप लिहिल्यासारखे होते. बंगाली वाचक उद्या आमच्याकडे येऊन विचारील, की तुम्ही तर बुडवत नाही, मग तुमचा विधी खरा कसा? सोसायटीने ग्रीक शब्द तसाच ठेवावा किंवा सर्वांना चालेल असा शब्द घ्यावा, अशी अट घातली. बॅप्टिस्टांनी ती नाकारली. सोसायटीने पैसे थांबवले आणि १८४० मध्ये बॅप्टिस्टांनी लंडनमध्ये आपली वेगळी बायबल ट्रान्सलेशन सोसायटी काढली. अमेरिकेतही याच बंगाली भाषांतराच्या निमित्ताने १८३६ मध्ये बायबल सोसायटी दुभंगली. एका शब्दापायी दोन खंडांत दोन संस्था फुटल्या.

अनुवादक म्हणून मला दोन्ही बाजू पटतात आणि म्हणूनच हा वाद अस्वस्थ करतो. शब्दाचा अर्थ माहीत असून तो न सांगणे ही अनुवादाच्या धंद्यात लबाडी समजली जाते. पण ज्या पुस्तकावर चार घरांचा हक्क आहे त्यात एकाच घराचा शब्द घातला, तर उरलेली तीन घरे ते पुस्तक मिटून ठेवतील, हेही खरे. बायबल सोसायटीने अर्थापेक्षा पंगत महत्त्वाची मानली.

मराठीत एवढा कडाका झाला नाही. श्रीरामपूरहून मराठी नवा करार १८११ मध्ये आला होता, पण मराठी मुलखात मूळ धरले ते १८१३ पासून मुंबईत असलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या कामाने. ते मुख्यतः काँग्रिगेशनल होते. त्यांच्यामागून आलेले स्कॉटिश लोक प्रेस्बिटेरियन आणि चर्च मिशनरी सोसायटीचे लोक अँग्लिकन. बॅप्टिस्टांचे मोठे मिशन इथे नव्हते. बायबल सोसायटीच्या मराठी बायबलात 'बाप्तिस्मा' फारसा आवाज न होता स्थिरावला.

इतर भाषांनी वेगळ्या वाटा धरल्या. तमिळमध्ये 'ज्ञानस्नानम्' हा कॅथलिक परंपरेत रुळलेला शब्द प्रोटेस्टंटांनीही उचलला आणि त्यांच्या जुन्या बायबलात तोच राहिला. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांनी सिरियॅकमधून आलेला 'मामोदीसा' जपला, तर तिथल्या प्रोटेस्टंटांनी 'स्नानम्' घेतला. १९६८ मध्ये बायबल सोसायट्या आणि व्हॅटिकन यांनी मिळून भाषांतरासाठी समान मार्गदर्शक तत्त्वे ठरवली. त्यानंतर तमिळमध्ये कॅथलिक व प्रोटेस्टंट विद्वानांनी एकत्र बसून केलेले 'तिरुविविलियम्' १९९५ मध्ये निघाले. त्यात शब्द आला 'तिरुमुळुक्कु', म्हणजे पवित्र बुडी. कलकत्त्यात ज्या अर्थावरून पैसे थांबले होते, तोच अर्थ दीडशे वर्षांनी मुलांच्या डोक्यावर पाणी ओतणाऱ्यांनी सहज स्वीकारला. मधल्या काळात शब्द बदलला नव्हता, माणसांचे एकमेकांशी असलेले नाते बदलले होते.

ते कसे बदलले, हे पाहायला मिशनांच्या नकाशाकडे यावे लागते. एकमेकांच्या पायात पाय नकोत म्हणून मिशनांनी मुलूख वाटून घेतले होते. अहमदनगर आणि सोलापूरकडे अमेरिकन काँग्रिगेशनल, कोल्हापूर, सांगली, मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, नाशिककडे अँग्लिकन, जालन्याला स्कॉटिश. ही वाटणी सगळीकडे पाळली गेली नाही. अहमदनगरात पुढे अँग्लिकनांचेही मिशन आले. पण परिणाम असा झाला, की ख्रिस्ती झालेल्या माणसाचा पंथ त्याच्या विचाराने ठरला नाही, त्याच्या तालुक्याने ठरला. नगरच्या खेड्यातला महार किंवा मांग कुटुंबातला माणूस काँग्रिगेशनल झाला, कारण गावात आलेला पाळक त्या मिशनचा होता. सतराव्या शतकातल्या इंग्लंड-स्कॉटलंडच्या राजकारणातून उपजलेले हे भेद त्याच्या वाट्याला आयते आले. तोच माणूस गिरणीत किंवा रेल्वेत नोकरीसाठी मुंबईला आला, की शेजारच्या खोलीतला ख्रिस्ती वेगळ्या चर्चचा निघे, आणि दोघांनाही त्याचे कारण नीट सांगता येत नसे.

हे ओझे आपले नाही, ही जाणीव भारतीयांनीच आधी बोलून दाखवली. १९१९ च्या मे महिन्याच्या आरंभी तरंगंबाडी येथे वेगवेगळ्या मिशनांतले ३३ जण जमले. त्यांतले ३१ भारतीय होते. अध्यक्षस्थानी होते वेदनायगम सॅम्युएल अझरया, १९१२ मध्ये नेमलेले पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. ज्या फुटींना आपण कारण नाही त्या आपल्यावर लादल्या गेल्या आहेत आणि त्यामुळे आपण दुबळे झालो आहोत, असे सांगणारे निवेदन त्यांनी काढले. तरंगंबाडी ही निवड अर्थपूर्ण होती. १७०६ मध्ये भारतातले पहिले प्रोटेस्टंट मिशनरी तिथेच उतरले होते.

निवेदन दोन दिवसांत झाले, एकी व्हायला २८ वर्षे लागली. बिशपने हात न ठेवता दीक्षित झालेला पाळक खरा पाळक मानायचा की नाही, यावर बोलणी पुन्हा पुन्हा अडली. अखेर जे पाळक आहेत ते आहेत तसे स्वीकारायचे, पुढचे बिशपांच्या हातून नेमायचे, आणि कोणत्याही मंडळीवर तिला नको असलेला पाळक लादायचा नाही, असे ठरले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये अँग्लिकन, मेथडिस्ट आणि आधीच एकत्र आलेले प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल यांचे 'चर्च ऑफ साउथ इंडिया' झाले. अझरया तो दिवस पाहू शकले नाहीत. १ जानेवारी १९४५ रोजी ते वारले होते.

दक्षिणेच्या या एकीत बॅप्टिस्ट नव्हते, त्यामुळे कलकत्त्याचा प्रश्न तिथे उठला नाही. उत्तरेत तो टाळता येणार नव्हता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी, रविवारी, नागपूरला 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले त्यात सहा चर्चे होती, आणि अँग्लिकन व प्रेस्बिटेरियन यांच्या शेजारी बॅप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्सही बसले होते. बाप्तिस्म्याबद्दल त्यांनी केलेली तोड अशी : तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी त्याने स्वतः केलेली श्रद्धेची कबुली, हा एक मार्ग, मुलाचे देवाला अर्पण आणि कळत्या वयात बाप्तिस्मा, हा दुसरा. दोन्ही एकाच चर्चमध्ये चालतील. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी तो पुन्हा मागितला तर काय, या गाठीवर सरसकट नियम न करता ते प्रकरण बिशपांकडे न्यायचे, असे ठरवले.

अनुवादकाच्या नजरेला हे ओळखीचे वाटते. १८३० च्या दशकात बायबल सोसायटीने जे शब्दाबाबत मागितले होते, तेच नागपूरच्या मांडणीने विधीबाबत केले. अर्थाचा निकाल लावला नाही, दोन अर्थांना एका छपराखाली राहू दिले. मतभेद सुटल्याशिवायही एकत्र राहता येते, ही गोष्ट त्या न उलगडलेल्या ग्रीक शब्दाने शंभर वर्षे छापील पानावर दाखवली होती.

या एकीच्या मर्यादाही लिहून ठेवायला हव्यात. अमेरिकन परंपरेचे मोठे मेथडिस्ट चर्च अखेरच्या टप्प्यावर बाहेर पडले. गुजरातेत ब्रेदरन चर्चच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि विश्वस्त संस्था कायद्याने रीतसर विसर्जित झाली नव्हती म्हणून २०१३ मध्ये निकाल 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'च्या विरुद्ध लागला. प्रार्थना एक झाली तरी सात-बारा आपोआप एक होत नाही.

पण मला मोठी किंमत दुसरीच वाटते, आणि ती शब्दाचीच आहे. पंथापंथांतला तंटा टाळण्यासाठी जो शब्द बंद ठेवला, तो शेजाऱ्यांसाठीही बंद राहिला. 'बाप्तिस्मा' ऐकताना मराठी कानाला पाण्याचा आवाज येत नाही. ज्या भाषेत नदीवरच्या स्नानाला एवढे अर्थ आहेत, तिच्यात हा शब्द कोरडा राहिला. कोरड्या शब्दात समाज आपला अर्थ भरतो. मराठीत तो भरला गेला जातीचा : बाप्तिस्मा म्हणजे बाटणे, घर सोडणे, पंगतीतून उठणे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंना काही वर्षे वेगळे राहावे लागले, ते याच अर्थामुळे.

टिळकांनी हे ओझे ओळखले होते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणवणाऱ्या सर्वांना जागा होती, बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही. पंथांच्या भिंतींपलीकडची आणखी एक भिंत, चर्चची आणि शेजाऱ्याची, त्यांना पाडायची होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले, तरंगंबाडीच्या बैठकीनंतर आठवड्याभरात. दरबार फार टिकला नाही. तरंगंबाडीची वाट मद्रासला आणि नागपूरला पोहोचली. साताऱ्याच्या वाटेवर पुढे फारसे कोणी गेले नाही.

म्हणून ख्रिस्ती एकीचा हिशेब मांडताना मी दोन बाजू वेगळ्या लिहीन. बुडवायचे की शिंपडायचे यावरून तुटलेली माणसे एका टेबलाशी प्रभुभोजनाला बसू लागली, ही भारतीय ख्रिस्ती लोकांची मोठी कमाई आहे, आणि युरोपच्या पुष्कळ आधी त्यांनी ती मिळवली. 'बाप्तिस्मा' हा शब्द शेजारच्या घरी पोहोचवायचा राहिला, हे दुसऱ्या बाजूला. तमिळांनी आता त्यात पाणी परत ओतले आहे. मराठीत ते काम कोणी हाती घेतले, तर त्याला चांगला शब्द शोधावा लागेलच. त्याआधी शब्द कोणाकोणासाठी शोधतो आहोत, ते ठरवावे लागेल.