मोटारीतील संदेशजाल आणि विश्वासाचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मोटारीची सुरक्षितता म्हणजे मजबूत सांगाडा व खात्रीचे ब्रेक, असे दीर्घकाळ मानले गेले. आज त्यात बाहेरून येणाऱ्या बनावट संदेशापासून संरक्षणाचाही समावेश होतो. हा धोका आकस्मिक नसून त्याची मुळे १९८० च्या दशकातील एका रचनेत आढळतात.

बंदिस्त जालाची निर्मिती :
मोटारीतील नियंत्रक संगणकांची संख्या वाढू लागली, तसे त्यांना जोडणाऱ्या तारांचे जंजाळही वाढले. यावर उपाय म्हणून जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ मध्ये काम सुरू केले आणि १९८६ मध्ये डेट्रॉइट येथे ‘कॅन’ अर्थात कंट्रोलर एरिया नेटवर्क ही पद्धत मांडली. तीत प्रत्येक संदेश जालावरील सर्व नियंत्रकांपर्यंत पोहोचतो. संदेशाच्या ओळखक्रमांकावरून त्याचा विषय व अग्रक्रम कळतो. मात्र तो कोणी पाठवला, याची खातरजमा करण्याची सोय मूळ रचनेत नव्हती. जाल मोटारीच्या आतच बंदिस्त असल्याने तेव्हा ही उणीव जाणवली नाही.

उघडलेली दारे :
अमेरिकेत १९९६ पासूनच्या नव्या मोटारींना उत्सर्जन-तपासणीसाठी ‘ओबीडी-२’ जोडणी सक्तीची झाली. पुढे ब्लूटूथ व मोबाइल जोडणीही आली. २०१० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ, सॅन डिएगो येथील संशोधकांनी अंतर्गत जालात शिरून ब्रेकवर ताबा मिळवता येतो, हे प्रयोगाने दाखवले. २०११ मध्ये त्यांनी मोटारीला स्पर्श न करताही हे शक्य असल्याचे सिद्ध केले. २०१५ मध्ये चार्ली मिलर व ख्रिस व्हॅलासेक यांनी महामार्गावर धावणाऱ्या जीप चेरोकीची गती दुरूनच खुंटवली. परिणामी फियाट क्रायस्लरला सुमारे १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली.

समारोप :
संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या व्यासपीठावर २०२० मध्ये संमत झालेल्या नियम क्रमांक १५५ ने सायबर सुरक्षेची जबाबदारी उत्पादकावर निश्चित केली. तथापि, नियमापूर्वी विकलेली असंख्य वाहने रस्त्यावर आहेत व त्यांच्या मालकांना हा दोष डोळ्यांनी दिसत नाही. यावरून असे म्हणता येईल की, दोष केवळ तंत्रज्ञानाचा नव्हता. बंदिस्त घरासाठी गृहीत धरलेला विश्वास, दारे उघडल्यानंतरही तपासला गेला नाही, हे त्याचे खरे कारण होय.