ओल्या शरदातील पाहुणे

मराठी माणसाच्या मनातील शरद ऋतू कोरडा असतो. हस्ताचा पाऊस गडगडून गेला, कोजागरीचे दूध आटले, की आकाश निवळते आणि दिवाळीच्या पहाटे अंगावर शिरशिरी येते, हा अनुभव आपल्या अंगवळणी पडलेला आहे. त्याच्याच भरवशावर जो आप्त ऐन दिवाळीत मद्रासच्या सेंट्रल स्थानकावर उतरतो, त्याची त्रेधा आमच्यापैकी प्रत्येक घराने निदान एकदा पाहिलेली आहे. (शहराचे नाव १९९६ साली चेन्नई झाले, आमच्या जिभेवर ते मद्रासच राहिले, याबद्दल तरुण वाचकांनी क्षमा करावी.) पाहुणा आभाळाकडे पाहून विचारतो, "हे थांबणार केव्हा?" आणि यजमान शांतपणे सांगतो, "डिसेंबर उलटू द्या."

यात यजमानाची अतिशयोक्ती फारशी नसते. जो सह्याद्री नैर्ऋत्येचे मेघ अडवून कोकण भिजवितो, तोच आषाढ-श्रावणात या पूर्व किनाऱ्याला त्या मानाने कोरडा ठेवितो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास वारे फिरतात, ईशान्येकडून वाहू लागतात, आणि बंगालच्या उपसागरावरील बाष्प घेऊन किनाऱ्यावर येतात. मद्रासला वर्षाकाठी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांतला. तमिळ पंचांगातील ऐप्पसी आणि कार्त्तिगै हे ते महिने. ज्याला खंड नाही अशा या पावसाला तमिळ लोक 'अडैमळै' म्हणतात. त्याला नेमका मराठी शब्द आम्हांस सापडला नाही. 'झड' जवळचा आहे, पण झड आपल्याकडे श्रावणात लागते, लक्ष्मीपूजनाला नव्हे.

या एका फरकामुळे आमच्या गृहिणींना दिवाळी नव्याने शिकावी लागली. चकली सकाळी तळावी आणि संध्याकाळी ती मऊ पडावी, हा येथील पहिला धडा. तेव्हा फराळ आठ दिवस आधी करून ठेवण्याची माहेरची रीत सोडून थोडे थोडे ताजे करण्याची रीत आली, आणि डब्यांच्या झाकणांना कापड बांधण्याची आली. फटाके शेगडीजवळ ठेवून उबवावे लागत, ते काम घरातील सर्वांत धीराच्या माणसाकडे असे. आकाशकंदील ओसरीच्या आत टांगला जाई. स्वयंपाकघरात आडव्या बांधलेल्या दोरीवर पाहुण्यांची धोतरे आणि पोरांचे झबले वाळत, आणि जेवताना त्यांचे थेंब कधी कधी पानात पडत. नरकचतुर्दशीच्या पहाटे शेजारची तमिळ मंडळी मात्र आमच्याच वेळी उठलेली असत. अभ्यंगस्नानाचा दिवस दोघांचा एकच. त्यांच्या घरून 'गंगास्नानम् आच्चा?' अशी विचारणा होई, आणि मागोमाग एका वाटीत आले, मिरी व गूळ घालून आटविलेले काळपट लेह्य येई. पाहुण्यांना ते आधी औषध वाटे. फराळ आणि पाऊस एकत्र झाल्यावर पोटाचे काय होते, हे दुसऱ्या दिवशी कळले म्हणजे वाटी परत मागविली जाई.

हा ओला शरद ओळखीचा करून घेणारे आम्ही पहिले मराठी नव्हेत. आमच्या आधी तीन शतके व्यंकोजीराजे भोसले यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरास राज्य स्थापिले. त्या राज्याच्या इतिहासात महाराष्ट्राहून आलेला पहिला मोठा पाहुणा म्हणजे साक्षात शिवछत्रपती. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत कोळ्ळिडम नदीजवळ तिरुमलवाडी येथे हे दोघे सावत्र बंधू भेटले. महाराजांच्या छावणीत व्यंकोजीराजे काही दिवस राहिले, वडिलार्जित जहागिरीच्या वाट्याचा विषय निघाला, आणि एका रात्री निरोप न घेताच व्यंकोजीराजे नदी उतरून निघून गेले. वाटणीचा विषय काढल्याने पाहुणचार बिघडण्याची आपल्या समाजातील परंपरा अशी थोरामोठ्यांपासूनची आहे. पुढे समेट झाला. मराठी कुटुंबे येत राहिली. कारकून, पुरोहित, कीर्तनकार, शिलेदार, सारेच आले. कावेरीच्या काठी भाताच्या हिरव्या पाण्यात त्यांची घरे उभी राहिली.

त्या राज्याने पाहुणचारासाठी जे केले त्याची आठवण आमच्या मंडळींना फारच थोडी आहे, म्हणून येथे थोडे विस्ताराने सांगतो. तंजावरच्या राजांनी आणि राण्यांनी रामेश्वराच्या वाटेवर छत्रे बांधली. 'चत्रम' हा त्याचा तमिळ उच्चार. काशीचे गंगोदक रामेश्वरास नेणारे यात्रेकरू या वाटेने येत, आणि ऐप्पसीच्या पावसात ओढे फुगले की जेथे असतील तेथेच अडकत. दुसरे सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले. १७९९ च्या ऑक्टोबरातील तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ला, वाडा व नेमणूक एवढेच उरले. त्यानंतर १८०१ साली त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांस एक पत्र लिहिले. छत्रांची व्यवस्था आपल्याकडेच राहू द्यावी, ही त्यातील विनंती.

त्या पत्रात छत्रांत काय चालते याचे वर्णन आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत कोणत्याही जातीचा प्रवासी येवो, त्याला शिजलेले अन्न मिळते. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चालते; मग घंटा वाजवितात आणि ज्यांचे जेवण राहिले असेल त्यांना बोलावून वाढतात. वाटेत आजारी पडलेल्याला औषध आणि पथ्याचे जेवण मिळते, तो बरा होईपर्यंत आदराने सांभाळला जातो. तान्ह्या मुलांना दूध आहे. गर्भवती स्त्रीचे बाळंतपण तेथेच होते. कोणी मरण पावल्यास त्याच्या जातीच्या रिवाजाप्रमाणे क्रियाकर्म होते. वैद्य आहेत, विषारी प्राण्यांच्या दंशावर उपचार करणारे आहेत. पावसाळ्यात बिळे पाण्याने भरली की साप कोरडी ओसरी शोधीत येतात, हे ज्यांनी कावेरीकाठी राहून पाहिले आहे त्यांना या शेवटच्या तरतुदीचे महत्त्व सांगावयास नको. राजांनी मुक्तांबाबाईंच्या नावाने ओरत्तनाडू येथे बांधविलेले छत्र त्या काळच्या अशा वास्तूंपैकी विशेष प्रसिद्ध आहे.

सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह, बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरविलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख, यांमुळे सरफोजीराजांचे नाव विद्वानांत घेतले जाते, ते योग्यच आहे. आमच्या मते मात्र हे पत्र त्या दोहोंच्या तोडीचे आहे. महसूल गेला, न्यायनिवाडा गेला, सैन्य गेले, आणि माणूस मागतो काय, तर परक्या वाटसरूला वाढण्याचा हक्क.

मुदपाकखान्याकडेही वळले पाहिजे. 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने ओळखली जाणारी सरफोजीकालीन पाककृतींची मराठी नोंद सरस्वती महालात आहे, आणि तीत इंग्रजी पद्धतीच्या पदार्थांचाही समावेश आहे. म्हणजे गोरे पाहुणे जेवायला येत आणि त्यांची सोय पाहिली जाई. सांबाराच्या जन्माची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल: संभाजी महाराज तंजावरास पाहुणे आले, आमसुले संपली, शहाजीराजांनी चिंच घातली आणि पदार्थाला पाहुण्याचे नाव मिळाले. ही गोष्ट आम्हांस खरी वाटत नाही. समकालीन आधार तिला नाही, आणि चिंचेच्या या देशात चिंच घालावयास आमसुले संपण्याची वाट कोण पाहील? पण 'रसवांगी' आणि 'डांगर पच्चडी' ही नावे तमिळ घरांत आजही चालतात, त्यांना आख्यायिकेची गरज नाही. ती ऐकताच मराठी कान टवकारतात. आपले घंगाळही तेथे 'गंगाळम' होऊन राहिले आहे.

२९ ऑक्टोबर १८५५ रोजी, म्हणजे पुन्हा याच पावसाळी दिवसांत, दुसरे शिवाजीराजे औरस पुत्रावाचून वारले आणि कंपनीने तंजावरचे राज्य खालसा केले. आश्रित मराठी कुटुंबे नोकऱ्यांच्या शोधात मद्रासला येऊ लागली. तंजावरी मराठी वंशाचे, कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव हे त्यांतील सर्वांत मोठे नाव. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी करून ते मद्रासला परतले, आणि १८८७ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे तिसरे अधिवेशन या शहरात भरले तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष तेच होते. साऱ्या हिंदुस्थानाचे मद्रासमधील यजमानपद एका तंजावरी मराठ्याकडे होते, ही गोष्ट आमच्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही.

तोवर रेल्वे आली होती. मुंबईकडील आणि मद्रासकडील लोहमार्ग १८७१ साली रायचूरला जोडले गेले, आणि आमच्या पाहुण्यांचा खरा काळ तेव्हापासून सुरू झाला. आमच्या पिढीने तर तो भरभरून अनुभविला. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सात माणसे, त्यांत पावसाने रूळ खचले म्हणजे चार दिवसांचा मुक्काम बारा दिवसांचा होई. शिध्याचे धान्य पुरविताना गृहिणी भातात पाणी अधिक घालीत आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नसत.

अशाच एका मुक्कामाची हकीकत सांगावयाची आहे. ती सांगताना आम्हांस संकोच वाटतो. १९७७ च्या दिवाळीत सांगलीकडचे आप्त आले होते. त्यांना घेऊन आम्ही तंजावरास गेलो, आणि १२ नोव्हेंबरला नागपट्टणमच्या बाजूने चक्रीवादळ आत शिरले. एसटी बंद, गाड्या बंद, वीज गेलेली. ओळखीच्या ओळखीने एका जुन्या मराठी घराचा दरवाजा वाजविला. दार उघडणाऱ्या वृद्ध बाईंनी नाव-गाव विचारण्याआधी घंगाळात ऊन पाणी आणून ठेवले आणि पाय धुवा म्हटले. तीन दिवस आम्ही नऊ माणसे त्यांच्या घरी होतो. कंदिलाच्या उजेडात त्या वाढीत, आणि त्यांचे ते जुन्या वळणाचे, तमिळ हेल असलेले मराठी ऐकून आमच्या पाहुण्यांतील तरुण मंडळी पदराआड, रुमालाआड हसत. खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. मद्रासला राहून आमच्या स्वतःच्या मराठीला दोन पिढ्यांत काय झाले होते, याचा त्या वेळी विसर पडला.

बाईंच्या ते ध्यानात आले होते. निघण्याच्या सकाळी त्यांनी आम्हांला तिखट-मिठाच्या पुऱ्या बांधून दिल्या आणि अगदी साधेपणाने म्हणाल्या की, आमचे लोक निघाले तेव्हा तिकडे जसे बोलत होते तसेच आम्ही जपून ठेवले आहे. तुमचे मागाहून बदलले असेल. कोणास उत्तर सुचले नाही.

दोन वर्षांनी, कार्त्तिगैच्या पावसात, त्या डोळ्यांच्या तपासणीसाठी मद्रासला आल्या आणि आमच्या आग्रहावरून आमच्याकडे उतरल्या. आम्ही दारातच त्यांच्यापुढे घंगाळ ठेवले. आमच्या मुलांना सक्त ताकीद दिलेली होती, पण तिची गरज पडली नाही. मुले त्यांच्याभोवती बसून जुने शब्द विचारीत आणि वहीत उतरवून घेत. आठ दिवस पाऊस उघडला नाही आणि आठ दिवस त्या राहिल्या. पहिल्या दिवशी त्यांच्यासाठी मुद्दाम डांगर केले होते. त्यांनी चव घेतली, थोडा विचार केला, आणि मीठ कमी आहे असे स्पष्ट सांगितले.