कोलिस्टिनचे पुनरागमन : एका मागे पडलेल्या प्रतिजैविकाचा इतिहास

प्रतिजैविकांचा इतिहास सामान्यतः शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोलिस्टिनचा इतिहास त्या चौकटीत बसत नाही. त्याचा महत्त्वाचा भाग शोधानंतरच्या विस्मृतीत आहे.

पॉलिमिक्सिन गटातील औषधांचा शोध १९४७ मध्ये इंग्लंड व अमेरिकेतील संशोधकांनी स्वतंत्रपणे लावला. जपानमध्ये कोयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूपासूनच वेगळे केलेल्या कोलिस्टिनचे वृत्त १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. अमिनो आम्लांचे वलय व त्यास जोडलेले मेदाम्लाचे शेपूट, अशी या पेप्टाइडाची रचना आहे. ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाह्य आवरणावर ऋण विद्युत्भार असतो. धनभारित कोलिस्टिन तेथे चिकटते, आवरण सांधून धरणारे कॅल्शियम व मॅग्नेशियम हुसकावून लावते आणि आवरण भेदते. परंतु मूत्रपिंड व मज्जासंस्था यांस होणाऱ्या अपायामुळे, तसेच जेंटामायसिनसारखी औषधे हाती आल्यामुळे, १९७० च्या दशकात त्याचा वापर ओसरला. यवतमाळ येथे १९८९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा कोलिस्टिन मागे पडलेल्या औषधांतच मोडत होते.

त्याला परत आणले ते नव्या औषधांच्या अपयशाने. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी मार्च २०१० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. आदल्या वर्षी जमविलेल्या, कार्बापेनेमांना दाद न देणाऱ्या आंत्रजिवाणूंच्या २४ नमुन्यांपैकी २२ मध्ये त्यांना एनडीएम-१ हे विकर आढळले होते. त्याच वर्षी दिल्लीचे नाव विकराला दिल्यावरून देशात मोठा वाद झाला. त्या गदारोळात मुंबईची ही आकडेवारी मागे पडली, हे प्रस्तुत लेखकास अधिक खेदाचे वाटते. कारण अशा जिवाणूंविरुद्ध मुख्यतः कोलिस्टिन व टायजेसायक्लिन हीच औषधे उरत होती. शिवाय कोलिस्टिन आधुनिक चाचण्यांच्या पूर्वीचे. त्याची मात्रा कोठे मिलिग्रॅममध्ये, कोठे आंतरराष्ट्रीय एककांत लिहिली जाई आणि त्यातून घोटाळे होत.

वैद्यांनी ते फारसे वापरले नाही, म्हणूनच ते परिणामकारक राहिले, असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे अर्धसत्य होय. रुग्णालयांतून ते दूर झाले असले तरी पशुपालनात व कुक्कुटपालनात, कित्येक ठिकाणी केवळ वाढ जलद व्हावी म्हणून, त्याचा वापर चालूच होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी डुकरे, मांस व रुग्ण या तिन्हींमधील जिवाणूंत एमसीआर-१ हे जनुक आढळल्याचे जाहीर केले. कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे हे जनुक प्लाझ्मिडावर असल्याने एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाते. राखीव म्हणून जपलेला साठा गोठ्यात व खुराड्यात खर्ची पडत होता.

भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेले प्राणी, कोंबड्या, मत्स्यशेती व पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली आणि तसा इशारा वेष्टनावर छापणे बंधनकारक केले. त्या वेळी पॉलिमिक्सिनच्या शोधास ७२ वर्षे झाली होती.