एका किडनीच्या दोन धमन्या

शाळेच्या पुस्तकातली किडनीची आकृती आठवून बघा. महाधमनीतून उजवीकडे एक फांदी, डावीकडे एक. प्रत्यक्षात साधारण चारातल्या एका माणसात निदान एका बाजूला दोन, क्वचित तीन धमन्या असतात. त्याला आयुष्यभर पत्ता नसतो, काही बिघडतही नाही. अडचण येते ती किडनी दुसऱ्याला द्यायची ठरली की. कारण या धमन्या एकमेकींची उणीव भरून काढत नाहीत. एक बांधली, की तिच्या वाट्याचा तुकडा मेलाच. खालच्या टोकाला जाणारी धमनी दिसायला बारीक, पण बऱ्याचदा मूत्रवाहिनीचं रक्त तिच्यातूनच येतं. ती गेली तर मूत्रवाहिनी सडते आणि लघवी पोटात गळायला लागते.

गंमत बघा, यावरचा एक उपाय माणसात किडनी बसवायच्या कितीतरी आधी तयार होता. 1894 साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर ल्याँ शहरात सुरीहल्ला झाला. मोठी रक्तवाहिनी कापली गेली, आणि ती शिवणं तेव्हा कुणालाच जमत नव्हतं. त्याच शहरात शिकणाऱ्या अलेक्सी कारेल या तरुण डॉक्टरला हे फार लागलं. तो भरतकाम करणाऱ्या बाईंकडे टाके शिकला असं सांगतात. 1902 साली त्याने आपली रीत छापली: वाहिनीच्या गोल तोंडाला तीन धागे घालून ताणायचं, म्हणजे त्याचा त्रिकोण होतो, मग सरळ बाजू शिवत जायच्या.

पुढे अमेरिकेत त्याने मांजरांच्या दोन्ही किडन्या महाधमनीच्या तुकड्यासकट दुसऱ्या मांजरात बसवल्या. बटण उसवण्याऐवजी भोवतीच्या कापडासकट कापून घ्यावं, तसं. मग बारीक तोंडं दोन असोत की तीन, शिवायचं ते कापड. शल्यचिकित्सक आजही याला ‘कारेल पॅच’ म्हणतात. 1912 साली त्याला नोबेल मिळालं. (माणसांच्या पैदाशीबद्दलचे त्याचे पुढचे विचार किळसवाणे होते, टाक्याचा त्यात दोष नाही.)

पण हे कापड मृत दात्याकडूनच घेता येतं. 1954 साली बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी जुळ्या भावाची किडनी बसवली, तो दाता जिवंत होता. जिवंत माणसाच्या महाधमनीचा तुकडा कोण कापणार? आपल्याकडे वेल्लोरला 1971 साली पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं, आणि आजही बहुतेक किडन्या जिवंत नातेवाइकांच्याच, बऱ्याचदा आईच्या किंवा बायकोच्या. तिथे हाती लागतात नुसती धमन्यांची टोकं. मग बर्फात ठेवलेल्या किडनीवर, रुग्णाला जोडायच्या आधी, बाजूच्या टेबलावर काम चालतं. दोन टोकं शेजारीशेजारी शिवून एक तोंड करायचं. पायजम्याचे पाय दोन, कंबर एक.

एरवी पसंती डाव्या किडनीला, तिची शीर लांब असते म्हणून. पण डावीला तीन धमन्या आणि उजवीला एकच निघाली, तर? काही जण आखूड शीर पत्करून उजवी घेतात, काही डावीच घेऊन टेबलावर शिवत बसतात. दोघीतली एक जरा कमी काम करत असेल, तर मात्र वाद मिटतो. धमन्या कितीही असोत, घ्यायची ती कमी काम करणारी. चांगली आईकडेच राहते.